एक दिवस पुढे

ऑरिन थॉर्सनने दोन हिवाळे गॅरेजमध्ये खपून तो ट्रेलर बांधला होता. पाण्याच्या थेंबासारखा, पुढून गोल आणि मागे निमुळता. आत दोघांना जेमतेम पुरेल एवढी गादी, आणि मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा. रंगही त्याने स्वतःच कालवला होता, कच्च्या पेअरसारखा फिकट हिरवा. छातीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी हात चालते ठेवायला सांगितलं होतं, त्यातून हा उद्योग निघाला. जन्मभर जमिनी मोजलेला माणूस, त्यामुळे एक स्क्रू तिरका नव्हता.

त्याची बायको मॅव्हिस हिने तीस वर्षं शाळेची बस चालवली, पण सगळी त्याच चाळीस मैलांत. समुद्र तिने पाहिला नव्हता. जूनच्या एका सोमवारी दोघं मिनेसोटातून निघाली, थेट ओरेगॉनच्या किनाऱ्यापर्यंत जायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्या लागल्या. नाव वाळूचं, पण जिकडे पाहावं तिकडे गवत. वारा आला की अख्खी टेकडी कूस बदलल्यासारखी हलायची. टेकड्यांमध्ये लहान लहान तळी, त्यांत ढग उतरलेले. तासन् तास समोरून एक गाडी आली नाही.

"हा रस्ता कुठे जातच नाही बघ," मॅव्हिस म्हणाली. "नुसता डुलतोय."

"तू झोपेत आहेस, म्हातारे."

"आणि तू चालवतोयस. म्हणजे दोघंही गेलोच!"

तळ्याकाठच्या कॅम्पवर मुक्काम करायचा होता. तिथली व्यवस्था डोरीन नावाची पन्नाशीची बाई बघायची. त्यांना पाहताच ती दारात आली.

"परत आलात? काय विसरलात?"

"आम्ही पहिल्यांदाच येतोय, बाई," ऑरिन म्हणाला.

डोरीन हसली. "चेष्टा पुरे, साहेब. काल इथेच पत्ते खेळत होतात. या बाई प्रत्येक डावात हरवत होत्या तुम्हाला."

"हरवते हे खरंय," मॅव्हिस म्हणाली. पण तिला हसू आलं नाही.

ऑरिनने खांदे उडवले. असे ट्रेलर पुष्कळ असतात, म्हणाला. मग दाखवलेल्या जागेवर त्याने ट्रेलर मागे घेतला, आणि गवतात आधीच उमटलेल्या दोन चाकोऱ्यांत चाकं अलगद जाऊन बसली. त्याने खिशातला टेप काढून दोन चाकोऱ्यांमधलं अंतर मोजलं. बरोबर त्याच्या चाकांएवढंच भरलं. टेप परत ठेवला.

पुढच्या दिवशी ते वायोमिंगमध्ये शिरले. एका पेट्रोल पंपावर दुकानदार काउंटरवरून वाकून म्हणाला, "काका, आज बरं वाटतंय का? काल पायरीवर बसला होतात, तोंड पांढरंफटक पडलं होतं. मी म्हटलं, अँब्युलन्स बोलावू का, तर नको म्हणालात."

"काल मी इथे नव्हतो," ऑरिन म्हणाला. आवाज तुटक होता.

गाडीत बसल्यावर मॅव्हिसने विचारलं, "छातीत दुखतंय का?"

"नाही."

"खरं सांग."

"अगं, नाही दुखत. कोणीतरी दुसरं जोडपं आहे, आपल्यासारखंच. आपल्या एक दिवस पुढे चाललंय. एवढंच."

एवढंच. तिने खिडकीबाहेर पाहिलं. डोंगर इतके लांब होते की गाडी धावतेय असं वाटत नव्हतं.

चौथ्या दिवशी, डोंगरापलीकडच्या गावात, मॅव्हिस एकटीच खाणावळीत शिरली. ऑरिन बाहेर पाण्याची टाकी भरत होता. वाढणारी बाई तिला पाहून थबकली, मग जवळ येऊन तिने मॅव्हिसचा हात हातात घेतला.

"ताई, झोप लागली का काल?"

"का?"

"काल दोन कॉफ्या मागवल्यात, एक समोर तशीच ठेवलीत. म्हणालात, समुद्र आता एकटीलाच बघावा लागणार..." बोलता बोलता तिची नजर खिडकीबाहेर गेली. ऑरिन नळ बंद करून हात झटकत होता. बाईने मॅव्हिसचा हात सोडला. तिच्या ओठांतला रंग उतरला होता.

मॅव्हिस बाहेर आली.

"ऑरिन, घरी जाऊ या."

"आणि समुद्र?"

"नको मला समुद्र."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तीस वर्षं बस चालवलेली ही बाई उगाच कधी घाबरत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने गाडी वळवली.

पूर्वेकडे तोंड झालं आणि मॅव्हिसचा जीव भांड्यात पडला. ऑरिन शीळ घालत होता. पेट्रोल पंप त्यांनी न थांबता मागे टाकला. दोन दिवसांनी पुन्हा गवत आलं, पुन्हा तळी. तिसऱ्या प्रहराच्या उन्हात सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं.

डोरीनच्या कॅम्पवर ऑरिन खाली उतरून टायर बघत राहिला. मॅव्हिस आत गेली.

डोरीन उभी राहिली. मॅव्हिसला वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागली.

"काय झालं?" मॅव्हिसने विचारलं.

"काल साहेब एकटेच आले होते," डोरीन हळूच म्हणाली. "पूर्वेकडे निघाले होते. मी विचारलं, बाई कुठे? तर म्हणाले, तिनेच गाडी वळवायला लावली. मी तिचं ऐकायला नको होतं, म्हणाले."

भिंतीवरचा पंखा फिरत होता.

"त्याची तब्येत कशी होती?"

"साहेबांची? ठणठणीत होती."

मॅव्हिसने श्वास सोडला.

डोरीनने खालच्या खणातून एक घडी काढून टेबलावर ठेवली. "हे ठेवून गेले. घरी न्यायची हिंमत होत नाही म्हणाले."

निळा स्वेटर होता. मॅव्हिसच्या अंगावर होता तोच. घाईघाईने दवाखान्यात कापतात तसा, गळ्यापासून खालपर्यंत कात्रीने सरळ कापलेला.

बाहेर हॉर्न वाजला. "मॅव्हिस! निघू या का? अंधाराच्या आत बरीच मजल मारू."

"आले," ती म्हणाली.

दारात क्षणभर थांबून तिने अंगावरच्या स्वेटरची बटणं लावली. एकेक करून, अगदी वरपर्यंत.