डावखुरी रायफल

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. वाद घालायला माझ्यात जोर उरलेला नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते. माझ्याकडे रात्र नाही. हे घडलं मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, आमच्या कोस्कीव्हिलमध्ये, नोव्हेंबरच्या तेरा तारखेला, भर दुपारी. गॉर्डी ट्रोम्बलीच्या बंदुकांच्या दुकानात. ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात.

ज्यांच्या बाबतीत घडलं ते सुलो राउतिओ, माझ्या बायकोचे सख्खे मामा. त्यांनी मला हे सौनात, आमच्याकडच्या वाफेच्या खोलीत बसून सांगितलं. आणि सौनात आमच्याकडे कोणी खोटं बोलत नाही.

सुलोमामा म्हणजे ताकही फुंकून पिणारा माणूस. पहिलं बर्फ पडायच्या महिनाभर आधी गाडीचे टायर बदलणारा. बंदूक हातात आली की आधी बोल्ट, म्हणजे नळीमागची सरकती खीळ, मागे ओढायचा, आत बघायचं, बोट घालून बघायचं, मगच दुसऱ्याच्या हातात द्यायची. घेणाऱ्यानेही आत बघायचं आणि तोंडाने म्हणायचं, "रिकामी आहे." आमच्याकडे सगळेच हे करतात. जो करत नाही त्याला पुन्हा कोणी शिकारीला बोलावत नाही.

मामी डावखुरी होती. लेक कायसाही डावखुरी. त्यामुळे मामीची रायफल डाव्या हाताची होती, बोल्ट डाव्या बाजूला. मामी गेल्यावर कायसा तीच वापरायची. पण त्या वर्षी वसंतात जंगलातली त्यांची लाकडी झोपडी जळाली आणि रायफल आत होती.

"बाबा, या वर्षी मी नाही येत," कायसा फोनवर म्हणाली.

खाली शहरात राहणारी लेक वर्षातून एकदा घरी यायची, ती पंधरा नोव्हेंबरला. हरणांचा हंगाम उघडतो त्या दिवशी. तेही बंद झालं तर म्हाताऱ्याला उरलं काय?

तशी रायफल कुठल्याच दुकानात मिळेना. शेवटी मामा इंटरनेटवरच्या लिलावाकडे वळले. तिथेही डोळ्यांत तेल घालून. विकणाऱ्याबद्दल आधीच्या गिऱ्हाइकांनी काय काय लिहिलंय ते सगळं वाचलं. बघून पसंत नाही पडली तर तीन दिवसांत परत घेतो म्हणणाराच माणूस निवडला. बंदूक काही थेट घरी येत नाही, परवाना असलेल्या दुकानात येते, तर त्यासाठी गॉर्डीचं दुकान ठरवलं. आणि फोटो मागितले. नळीचे, दस्त्याचे, नंबरचे.

सगळे आले.

सगळ्यांत बोल्ट बंद.

मामांनी लिहिलं, "बोल्ट उघडून एक फोटो काढा."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "बायकोला काढायला सांगतो. मी नाही उघडत."

मामांना वाटलं, असेल बिचाऱ्याचा हात अधू. फोटो आला. उघडा बोल्ट, कुठल्याशा बाईचा अंगठा, आत स्वच्छ रिकामं. मामांनी बोली लावली आणि रायफल त्यांना मिळाली.

"आईसारखीच मिळाली गं," त्यांनी कायसाला सांगितलं.

पलीकडे ती रडली. मग म्हणाली, "येते."

तेरा तारखेला गॉर्डीने खोकं फोडलं.

"लॉटरी लागली तुला, म्हाताऱ्या. एक ओरखडा नाही हिच्यावर."

त्याने बोल्ट मागे ओढला. आत बघितलं. करंगळी घातली.

"रिकामी आहे," म्हणाला आणि रायफल मामांच्या हातात दिली.

मामांनी आत बघितलं.

आत… काडतूस होतं.

पितळेचं गोल बूड. मधोमध टिकलीएवढा चकचकीत ठिपका. त्यावर सुई आपटली की बार उडतो.

"गॉर्डी, भरलेली आहे ही."

"कधीपासून सांगतोय, मोतीबिंदू काढून घे. हे बघ."

गॉर्डीची करंगळी पुन्हा आत गेली. मामा टक लावून बघत होते.

करंगळी पितळेच्या… आरपार गेली.

धुक्यातून जावी तशी. गॉर्डीच्या चेहऱ्यावर काहीच नाही. उलट तो हसत होता.

मग मामांनी स्वतःचं बोट घातलं. बोट अडलं. गार, गुळगुळीत पितळ. त्यांनी बोल्ट पुढेमागे केला, एकदा, दोनदा, पाचदा. काडतूस बाहेर पडेना. रायफल उलटी करून हलवली. काही नाही.

पण माणूस शहाणा. वाद घातला नाही.

"परत पाठव," म्हणाले.

"तुझी मर्जी. तीन दिवस आहेतच. तोवर पडू दे इथे."

मामांच्या जिवात जीव आला. परत जाईल. कायसाला सांगता येईल की दस्ता तडकलेला निघाला. एवढ्यासाठीच तर सगळी काळजी घेतली होती.

आणि दुकानाच्या दाराची घंटी वाजली.

"घरी कुलूप, म्हटलं बाबा असणार कुठे?" कायसा बूट आपटून बर्फ झाडत आत आली. "हीच का ती?"

तिने रायफल उचलली. बोल्ट ओढला, बघितलं, बोट घातलं. "रिकामी आहे." मग दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली.

"बाबा… आईची वाटते रे."

"कायसा, ठेव ती खाली. आत गोळी आहे."

कायसाने डोळे उघडले. पुन्हा आत बघितलं. मग गॉर्डीकडे बघितलं. गॉर्डी जमिनीकडे बघत होता.

ती नजर मामांना ओळखीची होती. थोरल्या भावाला, वाइनोला, स्वयंपाकघरात नसलेली कुत्री दिसायला लागली तेव्हा सगळ्या घराने एकमेकांकडे असंच बघितलं होतं. वर्षभरात त्याला वृद्धाश्रमात ठेवला.

"बाबा, इकडे बघ." दुकानाच्या कोपऱ्यात वाळूचं पिंप असतं. तिने नळी त्यात रोखली आणि बोट चापावर ठेवलं.

"नको!"

टक्.

"झालं समाधान?" बोल्ट उघडून तिने रायफल त्यांच्यापुढे धरली.

काडतूस तिथेच होतं. चकचकीत ठिपक्यावर आता… एक बारीक खड्डा पडला होता.

सुईचा.

मामा त्या खड्ड्याकडेच बघत राहिले. कायसाने तोवर कागद भरायला घेतले. वापरणार ती, म्हणून रायफल तिच्याच नावावर. गॉर्डीने सरकारी चौकशीचा फोन लावला, पलीकडून होकार आला. संपलं. आता रायफल परत पाठवायची की नाही, हे मामांच्या हातात नव्हतं.

घरी आल्यावर कायसाने पास्ट्या ओव्हनमध्ये ठेवल्या. आत मांस, बटाटा, सलगम भरलेल्या, आईच्या हातच्यासारख्या. मामांनी नळी पुसायची सळई घेतली आणि पुढच्या टोकातून आत सारली.

ठक्.

अडली.

"दे इकडे." कायसाने तीच सळई त्याच नळीत घातली. सरसर गेली… आणि मागून बाहेर आली.

"आत आहे गं, बाळा. तुझ्या आईची शपथ."

हे बोलायला नको होतं.

कायसा खुर्चीत बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तू माझ्याकडे चल राहायला. एकटा राहून राहून हे होतंय."

"मी वेडा नाही."

"कोण म्हणतंय? पण मग शेवटचं बघ. एकदाच." ती मागच्या दारात गेली. नळी बर्फाच्या ढिगात रोखली. मामा उठेपर्यंत…

टक्.

आणि मग… फुस्स.

फार बारीक. ओली आगकाडी पेटता पेटता विझावी तसं. पाठोपाठ बंदुकीच्या दारूचा जळका वास.

"वास येतोय तुला?" मामांनी विचारलं.

"अगं बाई, पास्ट्या करपल्या!" कायसा आत धावली.

पास्ट्या करपल्या नव्हत्या.

मामांनी उघड्या बोल्टमधून बघितलं. दोन खड्डे. दुसरा पहिल्यापेक्षा खोल.

तेव्हा त्यांना कळलं, आपण कशात अडकलोय. मी 'आत आहे' म्हणतो, म्हणून ती चाप ओढून दाखवते. मला पटावं म्हणून. माझ्यावरच्या मायेपोटी. आणि दर वेळी ते काडतूस पेटायच्या जरा जवळ येतं.

गॅरेजमध्ये जाऊन त्यांनी विकणाऱ्याला फोन लावला. काय दिसलं ते सगळं सांगितलं.

"तुम्हालाही दिसतं?" तो माणूस म्हणाला.

मामांच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणजे वाइनोसारखं नाही. आपलं डोकं ठिकाणावर आहे.

"परत घ्या हो. पैसे नकोत मला."

"कोणाच्या नावावर केलीत?"

"लेकीच्या."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"खड्डे किती आहेत?"

"दोन."

"माझ्याकडे होती तेव्हा… तेव्हा एकही नव्हता."

फोन कट झाला. नंतर मामांनी किती वेळा लावला असेल, त्याने उचलला नाही.

रायफल तळ्यात फेकावी, असं मनात आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मामा लेकीच्या खोलीत गेले. कायसा रायफलीची पेटी उशाशी घेऊन झोपली होती. एक हात पेटीवर. लहानपणी आईचा पदर धरून झोपायची तशीच. मामा दारातच उभे राहिले आणि तसेच मागे फिरले. एकदा आगीत गेलेली आईची वस्तू तिला पुन्हा मिळाली होती. ती बापानेच बुडवायची? आणि बुडवली तर बापाचं डोकं फिरलंय याची तिला खात्रीच पटायची.

पंधरा तारीख उजाडली. दोघं शिकाऱ्यांचे केशरी कोट घालून जंगलात गेले. देवदारांच्या कडेला बसले. मामा तिच्या मागे. आठच्या सुमाराला एक दांडगा नर बाहेर आला. कायसाने रायफल खांद्याला लावली.

मामांनी डोळे गच्च मिटले. मामीचं नाव घेतलं.

धडाम्!

डोळे उघडले. कायसा समोर उभी. हात जागेवर, तोंड जागेवर. तिचं स्वतःचं काडतूस, तिचा स्वतःचा बार, हरिण जागच्या जागी आडवं. रायफल अगदी शहाण्यासारखी चालली होती.

"बाबा! बघितलंस? आईसुद्धा इतकी सरळ मारायची नाही!"

किती दिवसांनी ती अशी हसली. मामाही हसले. क्षणभर त्यांना वाटलं, सुटलो. उडाला तो बार त्याच काडतुसाचा असेल.

कायसाने रिकामं नळकांडं बाहेर काढलं. उरलेली काडतुसं काढून खिशात टाकली. आत बघितलं, बोट घातलं. मग रायफल त्यांच्यापुढे धरली.

तिचं हसू मावळलं होतं. खालचा ओठ दाताखाली. परीक्षेचा निकाल ऐकायला उभी असावी तशी.

"बाबा… बघ ना."

मामांनी आत बघितलं.

काडतूस होतं.

दोन खड्डे राहिले नव्हते. दोन्हींचा मिळून एकच झाला होता. खोल. तिथलं पितळ कागदासारखं पातळ झालेलं… आणि त्यातून आत काहीतरी लालसर दिसत होतं. निखारा राखेखाली असतो, तेवढंच.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. 'आत आहे' म्हणावं, तर ती आत्ता, इथे, पुन्हा एकदा दाखवणार. तिचं बोट चापापासून दोन इंचांवर.

"बाबा?"

"रिकामी आहे," मामा म्हणाले.

कायसाने त्यांना मिठीच मारली. "बरा आहेस रे तू. मी किती घाबरले होते, तुला नाही कळायचं."

मग तिने रायफल खांद्याला अडकवली आणि हरणाकडे निघाली. नळी वर, तिच्या कानाशी. मामा बर्फातून तिच्या पावलांवर पाऊल टाकत मागे चालत राहिले. त्यांना दुसरं काय करता येणार होतं?

याला आता काही वर्षं झाली. रायफल कायसाच्या घरी आहे, खाली शहरात. दर नोव्हेंबरला ती घेऊन येते. दर वेळी बोल्ट उघडून आधी बापाला दाखवते, कारण 'बाबांना जरा काळजी वाटते'. मामा आत बघतात. दर वेळी म्हणतात, "रिकामी आहे." आत काय दिसतं, ते हल्ली मलाही सांगत नाहीत.

तुम्ही म्हणाल, मामांना जमत नसेल तर तू सांग तिला.

मीही हेच ठरवलं होतं. मागच्या रविवारी फोन लावला. कायसाने उचलला. मागे टीव्ही चालू होता, ती काहीतरी खात होती, खुशीत होती.

"बोल रे, काय म्हणतोस?"

"कायसा, ती रायफल आहे ना तुझी…" मी म्हणालो.

"का रे? काय झालं?" ती म्हणाली. "थांब हं, इथेच आहे कपाटात. काढते."

"नको, नको!" मी ओरडलोच. "काही नाही गं. सहज विचारलं."