निळा दिवा विझला तेव्हा

"वहिनी, निळा दिवा विझला तर ही खोली दुसऱ्या फेजवर घेऊ नका. लाईट येईपर्यंत थांबा."

वायरमनने हे बजावलं तेव्हा मी हसले होते.

"म्हणजे घामाघूम होऊन वाट बघत बसू?"

"बसा. पण स्विच फिरवू नका."

तो हसला नव्हता.

हे माझ्याच घरात घडलंय. विश्वास ठेवा, नका ठेवू. गेल्या महिन्यातला मंगळवार, दुपारचे अडीच.

आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये सिंगल फेज होती. लाईट गेली की सगळं घर बंद. या घराला थ्री फेज. मीटरजवळ लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे. एक फेज गेली तर तेवढ्याच खोल्या बंद पडतात, आणि स्विच फिरवून त्या चालू फेजवर घेता येतात.

मला ही सोय फार आवडली होती.

त्या दुपारी निळा दिवा विझला. चिऊच्या खोलीतला पंखा थांबला. चिऊ म्हणजे माझी नऊ महिन्यांची लेक. घामाने भिजून झोपली होती.

मी स्विच लालवर फिरवला.

पंखा सुरू झाला... आणि त्याच्याखाली दुसराच एक आवाज.

घूंऽऽऽ...

जड, एकसुरी. काहीतरी मोठं फिरू बघतंय, पण अडकलंय.

मी स्विच परत निळ्यावर नेला. पंखा थांबला.

तो आवाज थांबला नाही. फरशीतून तळपायांना जाणवत होता...

मी आत धावले.

चिऊ कॉटमध्ये उभी होती. कशालाही न धरता. कोपऱ्याकडे दोन्ही हात पसरून... कुणीतरी उचलून घेणार असल्यासारखी.

तिला अजून उभं राहता येत नाही.

मी तिला ओढून छातीशी धरलं. फरशी गप्प झाली.

मी वायरमनला फोन लावला.

"त्या खोलीत आधी लोखंड कातायचं लेथ मशीन होतं, वहिनी. थ्री फेजची मोटर. एक फेज गेली की ती फिरत नाही, नुसती घुमते. आणि तापत जाते. मालकाला धीर नव्हता. दुसऱ्या फेजवरून वायर ओढायला गेला..."

"मोटर कुठेय आता?"

"त्याच आठवड्यात काढून नेली."

ती खोली आम्ही बंद केली. चिऊ माझ्याजवळ झोपते.

पण रोज दुपारी, गाढ झोपेत, ओठ मिटून ती घुमते. घूंऽऽऽ... छातीवर हात ठेवला की कळतं. तेव्हा तिचं अंग तापतं. डॉक्टर म्हणतात, दात येतायत.

अशी मोटर किती वेळ टिकते, असं मी वायरमनला विचारलं. त्याने फोन ठेवला.

आत्ताही ती शेजारच्या खोलीत, माझ्या पलंगावर घुमतेय. लिहिताना मी ऐकतेय...

आवाज थांबला.

मी उठते. तुमचंही लेकरू आत एकटं झोपलं असेल, तर हे वाचणं सोडा. आधी त्याच्या अंगाला हात लावून या.