सलग वाजलेला ऑर्गन

वहिनींसमोर बसलेल्या बाईने चहाचा कप न पिताच बशीवर ठेवला.

"चर्चची कमिटी म्हणतेय, संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा," ती म्हणाली. तिचा नवरा चर्चचा राखणदार. वेदीवरचा चांदीचा कप महिनाभर गायब होता आणि परवा रविवारी सकाळी बिनबोभाट कपाटात परत आला. "घाबरून यांनीच ठेवला, म्हणतात."

"कपाटाच्या किल्ल्या कुणाकुणाकडे?" लेकीची, चिमीची वेणी घालता घालता वहिनींनी विचारलं. शोधकामात वहिनींचं नाव होतं. दीर सोबतीला असत, बहुतेक अर्धं पाऊल मागे.

"फादर, हे, फुलं सजवणाऱ्या मावशी आणि ऑर्गनवाल्या बाई. पण यांनी दर रविवारी पवित्र भाकर घेतलीय हो! मनात मोठं पाप ठेवून ती घ्यायची नसते. आधी फादरांपाशी कबुली, मगच भाकर. यांना तेवढं भय आहे."

चिमीचा हात धरून वहिनी निघाल्या. वाटेत भावजी म्हणाले, "सरळ फादरना विचारू. कप परत आला म्हणजे कुणीतरी कबुली दिलीच असणार."

"एक शब्द विचारायचा नाही. कबुलीत ऐकलेलं ते जीव गेला तरी बोलणार नाहीत. आणि तुम्ही त्यांच्या गप्प बसण्यातूनसुद्धा अर्थ काढाल."

"मग विचारायचं कुणाला?"

"आधी कप तर बघू."

कप मावशींनी दाखवला. देठापाशी बारीक, नवाकोरा सांधा होता.

"मी नेऊन काय करू? चहा पिऊ त्यातून?" मावशी उखडल्या. "भाकरीच्या रांगेत मी दर रविवारी पहिली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर! या महिन्यात एकच बरं झालं. रांग चालू असताना ऑर्गन कसा सलग वाजायचा. परवा पुन्हा मेला मध्येच थांबला."

ऑर्गनवाल्या बाई वर माडीवर सराव करत होत्या. "कपाचं मला काय ठाऊक? मी असते इथे वर."

"तुमच्याऐवजी वाजवायला कुणी?"

"कुणी नाही. मी उठले की सूर बंद."

वहिनी बाकावर टेकल्या. "भावजी, चोर कप सांधून परत देतो का?"

"छे!"

"म्हणजे कप चोरीला गेलाच नव्हता. मोडला होता. मोडणारं माणूस देवाला भिणारं. दुसऱ्यावर आळ येऊ दिला, म्हणून त्याला भाकर घेववेना. राखणदार घेत होते, मावशी घेत होत्या." वहिनींचा आवाज मऊ झाला. "बाई, भाकर घ्यायला तुम्ही खाली उतरता, तेव्हा ऑर्गन थांबतो. महिनाभर थांबला नाही. कप परत आला त्याच रविवारी थांबला. त्याआधी तुम्ही कबुली दिलीत."

बाईंनी तोंडाला पदर लावला. "पुसताना हातातून निसटला हो. वाटलं, कुणाला कळायच्या आत सांधून ठेवू. तोवर राखणदारावर आळ आला आणि माझी जीभच उचलेना. शनिवारी सगळं सांगितलं. क्षमा मिळाली. फादर म्हणाले, ज्याचं नुकसान केलंस ते भरून दे. मी त्याच रात्री कप जागेवर ठेवला. आणखी काय करायचं होतं?"

"कप चर्चचा होता," वहिनी म्हणाल्या. "अब्रू त्याची होती."

बाईंनी ऑर्गनचं झाकण लावलं. मग उठल्या. "कमिटीला सांगेन. पण आधी त्याला."

माडीच्या खिडकीतून अंगण दिसत होतं. बाई राखणदाराच्या दारापाशी दोनदा थांबल्या. तिसऱ्यांदा दार वाजवलं. तो बाहेर आला. हातात सामानाचं बांधलेलं गाठोडं होतं. त्या बोलत राहिल्या, तो ऐकत राहिला. गाठोडं मात्र खाली ठेवेना.

चिमीने वहिनींचा पदर ओढला.

"आई, राखणदारकाकांनी माफ नाही केलं, तर देव बाईंना दिलेली माफी परत घेतो का गं?"