डाव्या सीटचा पट्टा

ही गोष्ट रात्रीची नाही, हे आधीच सांगतो.

भर दुपारची आहे. रस्त्यावरून एसटी जात होती. समोरच्या टपरीवर लोक चहा पीत बसले होते. अंधार असता तर भास झाला म्हणून मी कधीच सोडून दिलं असतं.

माझं नाव स्वप्निल. धानाच्या मुलखातल्या गोरेगावला माझं गॅरेज आहे. ज्याची गाडी होती त्या पोराचं नाव बदललं आहे, बाकी काहीच बदललेलं नाही. पटलं तर ठीक, नाही पटलं तरी माझी तक्रार नाही.

२०२३ चा ऑगस्ट. धानाची रोवणी आटोपत आली होती आणि आठवडाभर पाऊस सुरूच होता. मंगळवारी दुपारी एका ट्रॅक्टरने गाडी ओढत आणली. फोर बाय फोर, डिझेल, घेऊन सहा महिनेही झाले नसतील. बोनेटवर गाळ बसला होता. दार उघडलं तर माझ्या पायांवर पाणी सांडलं.

गाडीवाला हिमांशू, तिरोड्याचा. वय पंचवीसच्या आसपास. कपडे अंगावरच अर्धवट वाळलेले. चिखलात, दगडधोंड्यांत गाडी चालवायचा त्याला शौक होता. त्या दिवशी जंगलातल्या एका नाल्यात त्याने गाडी घातली. मधोमध गेल्यावर ती बंद पडली आणि पाणी काचेपर्यंत चढलं.

"बंद पडल्यावर सेल मारला का?" मी विचारलं.

"दोन-तीनदा."

"तेच नाही करायचं असते. हवेच्या नळीतून इंजिनात पाणी जाते. वरून सेल मारला का आतला रॉड वाकते."

त्याचं लक्ष नव्हतं. तो गाडीपासून दहा हात लांब उभा होता. मी चावी मागितली, तर ती त्याने लांबूनच फेकली.

"मी एकटाच होतो," तो म्हणाला.

मी तसं काही विचारलंच नव्हतं.

बुधवारी काम सुरू केलं. बॅटरी काढून बाहेर ठेवली. इंजिन उघडून पाणी काढलं. नशिबाने रॉड सरळ होता. ऑईल मात्र दूध टाकलेल्या चहासारखं झालं होतं. ते सगळं सांडून नवीन भरलं.

आतलं काम यादोराव काकांकडे होतं. सीट आणि वायरिंग तेच बघतात, माझ्या वडिलांच्या वेळेपासून. त्यांनी ड्रायव्हरची सीट खोलली, मागची खोलली, मॅट काढली, सगळं पंख्याखाली लावलं.

डावी सीट तेवढी राहिली.

"हे नाई निघून राहिली बाबू," काका म्हणाले. "पट्टा लावून आहे, आन् खटका फसला."

मी जाऊन पाहिलं. ड्रायव्हरच्या शेजारची सीट. तिचा पट्टा लावलेला होता. यात विशेष काही नव्हतं. बेल वाजू नये म्हणून कितीतरी लोक रिकामाच पट्टा अडकवून ठेवतात. रेती शिरली की खटका अडकतोच.

पण रिकामा पट्टा सीटला चिकटून पडतो.

हा पडला नव्हता... पाठीपासून वीतभर पुढे होता. ताणलेला. माणूस बसला असला की छातीवरून जातो, तसा.

मी बोटाने दाबून पाहिला. मागे गेला नाही.

"भिजून आखडला असेल," मी म्हणालो.

काकांनी पंखा त्या सीटकडे वळवला.

गुरुवारपर्यंत बाकीच्या सीटा कोरड्या झाल्या. डावी सीट ओलीच. हात दाबला की बोटांमधून पाणी वर यायचं. काकांनी फडक्याने टिपलं, हिटर लावला. तासाभराने पुन्हा तेच.

पाणी गढूळही नव्हतं. स्वच्छ होतं. आणि थंड.

दुपारी मी बाहेर एका मोटरसायकलचं काम करत होतो. काका माझ्या शेजारीच होते. गाडीची चारही दारं बंद होती. आत कोणी नव्हतं.

आतून आवाज आला...

खट.

मग थोडा वेळ काही नाही.

खट... खट...

मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या हातातला पाना तसाच थांबला होता. हा आवाज आम्ही दोघंही रोज ऐकतो. पट्ट्याचं लाल बटण दाबल्याचा आवाज.

खट. खट. खट. खट.

आता घाईने. कोणीतरी जोर लावून दाबत होतं आणि ते निघत नव्हतं.

मी जाऊन दार उघडलं. आवाज थांबला. सीट रिकामी. पट्टा ताणलेला.

"वाळताना लोखंड वाजते," मी म्हणालो. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

"बाबू," काका म्हणाले, "पट्टा कापून टाक. पण आधी त्या पोराले विचार."

मी हिमांशूला फोन लावला. पट्टा अडकला आहे, कापावा लागेल, एवढंच सांगितलं.

"कोणता पट्टा?"

"डावा."

"कापू नोका भाऊ. मी येऊन राहिलो."

अडीच वाजता तो आला. दोन दिवसांत चेहरा उतरला होता. गाडीजवळ गेला नाही. माझ्यासमोर स्टुलावर बसला आणि खाली बघत बोलायला लागला.

"मोनू होता माझ्यासोबत. माझा दोस्त, सौंदडचा. पण तो नाल्याआधीच उतरला. म्हणे, मी काठावरून व्हिडिओ काढतो. त्यानं पट्टा काढला, छत्री घेतली, उतरला. मी माझ्या डोळ्यानं पाहिलं."

"मग?"

"मधात गाडी बंद पडली. पाणी आत आलं. मी घाबरलो. दार उघडेना. पाणी छातीपर्यंत आलं, तेव्हा बाजूनं आवाज आला... 'माझा पट्टा नाही निघून राहिला.'"

तो थांबला. काकांनी हातातला पाना खाली ठेवला.

"मले वाटलं मोनूच आहे. तो उतरला हे डोक्यातच नव्हतं. त्यानं माझी बाही पकडली होती भाऊ. 'हिमांशू, माझा पट्टा काढ,' म्हणे. मी..."

त्याने तोंडावरून हात फिरवला.

"मी हात झटकला. खिडकीतून बाहेर निघालो. एकदा मागं वळून पाहिलं, अन् पोहत सुटलो. काठावर आलो, तर मोनू समोर उभा. छत्रीत. कोरडा."

समोरच्या टपरीवर कोणीतरी हसत होतं.

"मोनूले सांगितलं?" काकांनी विचारलं.

"काय सांगू? त्याले म्हटलं, घरी जा. ट्रॅक्टरवाल्यासोबत मीच आलो."

काकांनी ब्लेड घेतलं. हिमांशू उठला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तो गाडीजवळ गेला. डाव्या दाराच्या काचेशी वाकला. रिकाम्या सीटकडे पाहत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "चूक झाली माझी. उतर आता."

काकांनी ड्रायव्हरच्या बाजूने आत वाकून पट्टा कापला.

पट्टा लगेच सैल झाला नाही. दोन-तीन श्वास तसाच राहिला... मग खाली पडला.

आणि गाडी डावीकडून किंचित वर उठली.

जाडजूड माणूस उतरला की गाडी जशी उठते, तशी. डावं दार बंद होतं. मी त्या बाजूलाच उभा होतो. माझ्या दंडाला काहीतरी घासून गेलं. ओलं. थंड.

शर्टची बाही पाहिली. कोरडी होती.

संध्याकाळपर्यंत ती सीट वाळली.

नवीन पट्टा लावून गाडी तयार केली. न्यायला हिमांशू आला नाही, त्याच्या वडिलांनी ड्रायव्हर पाठवला. पुढे त्यांनी ती विकून टाकली असं कळलं. त्या नाल्यात आधी कोणी बुडालं होतं का, हे मी जवळच्या दोन गावांत विचारलं. लोकांनी डोकं हलवलं. कोणाला असं काही आठवत नव्हतं.

मोनू आठ दिवसांनी माझ्याकडे आला. साधा, हसरा पोरगा. सौंदडला घरची धानाची शेती आहे, ती करतो. हिमांशू फोन उचलत नाही, घरी गेलं तर बाहेर येत नाही, असं म्हणाला. लहानपणापासूनची दोस्ती.

"माझं काही चुकलं का भाऊ? मी व्हिडिओ काढत बसलो, मदतीले पाण्यात नाही उतरलो, म्हणून तो नाराज आहे का?"

त्याने मोबाईल काढला आणि मला तो व्हिडिओ दाखवला.

पाऊस. गढूळ पाणी. मधोमध गाडी. काचांवर चिखल, आतलं काहीच दिसत नव्हतं. हिमांशू खिडकीतून बाहेर येतो. पाण्यात पडतो. दोन हात मारतो... थांबतो. वळून गाडीकडे पाहतो. त्याचे ओठ हलतात. मग तो काठाकडे निघतो.

मोनूने तिथेच व्हिडिओ थांबवला.

"हा मागं वळून काय पाहून राहिला होता?"

"गाडी," मी म्हणालो. "नवीन होती ना."

त्याला ते पटलं नाही. तरी मान हलवून गेला.

आता तीन वर्षं होत आली. अजूनही गोरेगावच्या बाजाराला आला की मोनू गॅरेजवर डोकावतो. चहा घेतो. जाताना हिमांशूची खबर विचारतो. मी माहीत नाही म्हणतो.

एकदा-दोनदा सगळं सांगून टाकावं असं तोंडाशी आलं होतं. पण त्याला काय सांगू? तुझा दोस्त तुला बुडताना सोडून आला, म्हणून तुला तोंड दाखवत नाही... आणि तू तर त्या गाडीत नव्हतासच.