दाराखालची पोकळी

गाडीचं पोट कुणी बघत नाही, हे सासऱ्यांचं लाडकं गाऱ्हाणं. लोक बॉनेटच्या चकाकीवर भाळतात आणि गंज मात्र खालून, घरजावयासारखा, गुपचूप ठाण मांडतो. म्हणून गेले तीन महिने ते आणि त्यांची सून घरामागच्या शेडमध्ये त्या पंचावन्न वर्षांच्या निळ्या गाडीखाली पाठीवर पडून होते. सून दवाखान्यात लोकांचे कान तपासायची आणि सुट्टीच्या दिवशी जुनी पँट चढवून गंज खरवडायची. गाडी तिच्या नवऱ्याने हौसेने आणली होती. निम्मी उघडली आणि तो गेला. त्याला आता दोन वर्षं झाली. गाडी पुरी करायची आणि पुन्हा गंजू द्यायची नाही, या एका कामामुळे दोघांना एकमेकांसमोर रडावं लागत नव्हतं.

तो असताना बापलेक एकत्र काम करत तेव्हा एक वर असे, एक खाली. ठोकाठोकीत हाक पोचत नसे, म्हणून त्यांनी हातोडीवर भागवलं होतं. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चालू दे.

पत्रा कुजलाय का, हेही सासरे हातोडीनेच ओळखत. धडका पत्रा टणकन बोलतो, कुजका थप्प करतो. एका सकाळी त्यांनी डाव्या दाराखालच्या पोकळ पट्टीवर एक टोला दिला आणि आतून दोन आले.

"उंदीर असेल, बाबा," सून म्हणाली.

"उंदराच्या हातात हातोडी कुणी दिली?"

असे कान तिला रोज भेटत. तपासणीत आवाज सोडलेलाच नसतो आणि माणूस 'ऐकू आला' म्हणून बटण दाबून मोकळा होतो. ऐकायची आस लागली की कान आपणच आवाज करतात. सासऱ्यांचंही आणि आपलंही तसंच झालं असणार, असं तिने ठरवून टाकलं, आणि केवळ त्यांचं मन राखायला स्वतः एक टोला मारला.

दोन आले.

उजव्या पट्टीवर मारून पाहिलं. काही नाही. डाव्या पट्टीच्या भोकांतून टॉर्च लावून पाहिलं. आत स्वच्छ, कोरडं आणि रिकामं होतं.

त्या दिवसापासून सासऱ्यांचा रंग पालटला. सकाळी चहा घेऊन ते थेट शेड गाठत. "रात्री झोप लागली का रे?" असं काहीबाही पट्टीला विचारत आणि टोला देत. उत्तर येई. सून लांबून ऐकत राही. तिला त्यांचा हेवा वाटे, आणि हेवा वाटल्याची लाजही.

पण पट्टीत मेण भरायचं राहिलं होतं. पोकळीत गरम मेण फवारलं की ते कानाकोपऱ्यात शिरून बसतं, दमट हवेला जागा उरत नाही. मेणाशिवाय पत्रा आतून खाल्ला जाणार. आणि मेण भरलं की पट्टी मुकी होणार, हे दोघांनाही कळत होतं. सासरे रोज म्हणत, "उद्या बघू." दहाव्या दिवशी भोकाच्या कडेला तांबूस ठिपके दिसले.

"बाबा, असं ठेवलं तर दोन पावसाळ्यांत हाताने मोडेल."

"मला का सांगतेस? त्याला विचार."

ती खाली सरकली. तिला एकच टोला परत यायला हवा होता. थांब म्हण, एवढंच तिच्या मनात होतं.

तिने टोला दिला.

बराच वेळ काही आलं नाही. मग दोन आले, अगदी हलके.

सासऱ्यांनी मेण तापवलं. तिने नळी आत सारली. थोडं मेण आत गेलं की ती थांबून टोला देई आणि उत्तर आणखी जाड, आणखी लांबचं येई. शेवटी तिच्याच टोल्याचा थप्प आवाज तेवढा उरला. त्या दिवशी दोघं जेवली नाहीत.

तिसऱ्या सकाळी ती एकटीच शेडमध्ये गेली. कडाक्याची थंडी होती. सगळी गाडी गारठलेली. तिने सहज डाव्या पट्टीवर तळहात ठेवला.

पट्टी गरम होती.

मेणाची ऊब कधीच ओसरली होती. ही ऊब तिच्या हाताला पाठ होती. शेवटचे अठरा दिवस तिने नवऱ्याच्या तापलेल्या कपाळावर हीच मोजली होती.

तिने सासऱ्यांना बोलावलं. त्यांनी हात लावून पाहिला, ते घरात गेले, आणि वाडगाभर गार पाणी आणि फडकं घेऊन आले. ज्या माणसाने शेडमध्ये ओला हात खपवून घेतला नव्हता, तो लोखंडाशेजारी बसून फडकं पिळत होता.

"घडी बारीक कर. नीट बसेल," फडकं तिच्या हाती देत ते म्हणाले.

दुपारपर्यंत दोघं आळीपाळीने घड्या बदलत राहिली. तीनच्या सुमारास पट्टी निवली.

तिने फडकं काढून पत्रा कोरडा पुसला. पुसलेल्या पत्र्यावर तिच्यादेखत बारीक थेंब फुटू लागले.

"घाम आला," सासरे म्हणाले. "ताप उतरला बघ."

तिने एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. तो खारट होता.