न उघडणारा खण

“फौजदार, आत्ताच्या आत्ता या! मी घरात चोर पोसलाय!”

निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी मेट्रनबाईंचा आवाज अख्खा वॉर्ड उठवील असाच होता. समोरच्या घरातले फौजदारही निवृत्तच. ते अर्धा चहा टाकून उठले. गुडघे कुरकुरले, पण संशय घेण्याची सवय काही सुटली नव्हती.

बाईंनी भाड्यानं दिलेल्या मागच्या खोलीत नुसता गोंधळ होता. गादी भिंतीला उभी, कपडे जमिनीवर. त्या पसाऱ्यात भाडेकरू मुलगी उभी होती. बँकेत कॅशियर. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, म्हणून सध्या रजेवर. खिडकीपाशी बाईंची धाकटी बहीण. आणि मधोमध खुद्द मेट्रनबाई, मुठीत सोन्याची साखळी.

“आमच्या आईची साखळी. हिच्या कपाटात सापडली! हात मोडल्यापासून रोज वेणी घालून देतेय मी हिला. आणि हिनं केसानं गळा कापला माझा.”

“काकू, मी खरंच...”

“काकू म्हणू नकोस मला!”

“पोलिसांत दे, ताई,” धाकटी म्हणाली. “नाहीतर निदान आजच्या आज खोली खाली करून घे.”

मुलगी पसाऱ्यातच खाली बसली. चोरीची तक्रार झाली की नोकरी गेलीच. संशय आलेल्या कॅशियरला काउंटरवर कोण बसवतंय?

फौजदारांनी चष्मा पुसला.

“साखळी शेवटची कधी पाहिलीत?”

“काल सकाळी. टेबलावर काढून ठेवली आणि विसरले. संध्याकाळी बघते तर नाही.”

“मधल्या वेळात घरात कोण होतं?”

“मी दिवसभर कामानं बाहेर. ही होती.”

“दुपारी मी दवाखान्यात गेले होते, हात दाखवायला,” मुलगी म्हणाली.

“तेव्हा मी होते,” धाकटी म्हणाली. “मी रोजच येते घटकाभर पाठ टेकायला. लेकाच्या घरी हॉलमध्ये झोपते मी. पाहुणे आले की तेवढीही जागा नसते.”

“हं. आणि आज साखळी सापडली कशी?”

“ताई गादी बघत होती, मी कपाट. खालचा खण उघडला, तर आत.”

“मी पाहिली आणि संतापून खण पायानं ढकलून दिला,” मेट्रनबाई म्हणाल्या.

मुलीनं मान वर केली. “पण तो खण उघडतच नाही! पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलंत, जाम आहे, त्याच्या नादी लागू नकोस.”

मेट्रनबाई गडबडल्या. “सांगितलं होतं खरं. माहेरचं कपाट आहे. माझ्या आठवणीत तो खण जामच.”

फौजदार खाली वाकले. खण ओढला. पुन्हा ओढला. त्यांचं तोंड लाल झालं, खण मात्र ढिम्म.

“तुम्ही दाखवा बरं उघडून,” ते धाकटीला म्हणाले.

धाकटी घुटमळली. मग पुढे झाली. वरचा खण अर्धा बाहेर घेतला, एका हातानं उचलून धरला, खालच्याला गुडघा मारला आणि दुसऱ्या हातानं ओढला. खण अलगद बाहेर आला.

“उघडतो की!” ती म्हणाली.

आत बोटभर धूळ होती. तीत साखळीपुरती जागा तेवढी पुसलेली.

फौजदार सावकाश उठले. पुढचं बोलणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

“मेट्रनबाई, ही धूळ बघा. पोरीनं हा खण कधी वापरलेलाच नाही. आणि उघडायला दोन हात लागतात, तिचा एक प्लास्टरमध्ये. तुम्हाला तर ही युक्ती माहीतही नाही. माहीत आहे एकीलाच. काल दुपारी घरात त्याच एकट्या होत्या, आणि आज साखळी सापडली तीही त्यांनाच. त्यांच्या हाताला हा खण इतका सरावाचा, की दुसऱ्या कुणाला तो उघडत नाही हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.”

मेट्रनबाई धाकटीकडे वळल्या.

“तू?” त्या म्हणाल्या. “माझ्या पाठची बहीण असून?”

“लहानपणी तू माझं सगळं हिसकावून घ्यायचीस,” धाकटी म्हणाली. “म्हणून शोधला होता तो खण. कुठेतरी लपवायला नको? आणि आता ही खोली! परकीला दिलीस. हॉलमध्ये झोपते, हॉलमध्ये झोपते, म्हणून रोज तुझ्या कानीकपाळी ओरडत होते. तू हिच्या वेण्या घालत बसलीस.”

“एक शब्द टाकला असतास तर दिली असती.”

“सख्ख्या बहिणीनं भीक मागायची?”

मुलगी एका हातानं बॅग भरू लागली होती. मेट्रनबाई मदतीला वाकल्या.

“राहू द्या. जमेल मला.”

“जाऊ नकोस गं. चुकलं माझं.”

“गादी उलटण्याआधी मला एकदा विचारायचं होतंत,” मुलगी म्हणाली. “फक्त एकदा.”

फौजदारांनी तिची बॅग उचलली आणि ते तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले.

दोघी बहिणी खोलीत उरल्या. धाकटीनं भिंतीला उभी केलेली गादी आडवी केली.

“ताई, आता खोली रिकामीच आहे...”

“आहे. आणि रिकामीच राहील.” मेट्रनबाईंनी हात पुढे केला. “घराची किल्ली दे.”

धाकटीनं पर्स उघडून किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. आज लेकाकडे पाहुणे येणार होते, हे दोघींनाही ठाऊक होतं.