जिना, दार, स्वयंपाकघर

दादाने लिहिलेला प्रोग्राम ऑफिसने शेवटी धाकटीच्याच गळ्यात मारला. भावाचं काम बहिणीला कळेल, असं साहेबांना वाटलं. तीन वर्षांपूर्वी दादा चप्पल शिवून आणतो म्हणून घराबाहेर पडला, तो आलाच नाही. आता त्याचा प्रोग्राम तिन्ही प्रकारच्या कॉम्प्युटरवर चालायला हवा होता.

अर्धवट सोडणं ही दादाची जुनी खोड. घरी नळ उघडा टाकायचा आणि इथे कोड. फोल्डरचा सगळा रस्ता त्याने आपल्या मशीनपुरता, जसाच्या तसा लिहून ठेवलेला. एका सिस्टिमवर दोन फोल्डरांमधली तिरकी रेघ डावीकडे कलते, दुसरीवर उजवीकडे. त्याचं दादाला सोयरसुतक नव्हतं. वर फोल्डरांना नावं घराची. कच्च्या फाइली ‘जिना’मध्ये, तपासलेल्या त्याच्या आत ‘दार’मध्ये, पक्क्या आणखी आत, ‘स्वयंपाकघर’मध्ये. म्हणायचा, घरात शिरतो तसं शिरायचं, म्हणजे काही हरवत नाही.

धाकटीने आठवडाभर मान मोडून एकेक रस्ता उपटून काढला आणि रेघा जोडायचं काम सिस्टिमवरच सोपवलं. ती दमून गेली होती. घरीही तेच. आई तीन वर्षं दाराला कडी लावत नव्हती, दादा आला तर ताटकळायला नको म्हणून. धाकटीने रोज वाद घातल्यावर आज सकाळी आई कडी लावायला कशीबशी कबूल झाली. धाकटीला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

दुपारी शेवटची चाचणी होती. दादाचा जुना रस्ता कुठेच सापडता कामा नये. पहिल्या दोन मशीनवर उत्तर आलं, ‘नाही’. तिसरं मशीन सकाळीच खोक्यातून काढलेलं.

त्यावर ‘जिना’ सापडला.

शेजारच्या टेस्टरने जांभई दिली. “जुनं काहीतरी कॉपी झालं असेल. उडवा नि परत चालवा.”

तिने उडवला. परत चालवलं. जिना होता, आणि त्याच्या आत दार.

दोन्ही रिकामे. तयार झाल्याची वेळ याच मिनिटाची.

तिने नेटवर्कची वायर काढली. सगळं उडवलं, पुन्हा चालवलं.

आता स्वयंपाकघरही होतं.

तिने घरी फोन लावला. आईने बऱ्याच वेळाने उचलला.

“आई, कडी लावलीयेस ना?”

“लावली होती गं. तू दार वाजवलंस म्हणून काढली, नि परत येऊन आडवी झाले.” आईचा आवाज झोपाळलेला होता. “घरात बसून फोन कसला करतेस? आधी स्वयंपाकघरातला तो नळ बंद कर.”

फोनमधून पाण्याचा आवाज येत होता.